वाचकांचे प्रश्न : विद्यापीठाची कार्यसूची कोण लिहिते?

विद्यापीठांत निर्णय कसे होतात आणि त्यांत प्राध्यापकांचा वाटा किती असतो, या विषयावर गेल्या अंकात आम्ही वाचकांकडून प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांतून सहा निवडली आहेत. पत्रलेखकांपैकी काही जण अजून नोकरीत असल्यामुळे कोणाचेच नाव छापलेले नाही. उत्तरे देणाऱ्याने आधी महाविद्यालयात आणि नंतर विद्यापीठ विभागात शिकवण्यात हयात घालवली, अभ्यास मंडळावर दोन मुदती काढल्या आणि विद्यापरिषदेवर एक. त्यामुळे उत्तरांत थोडा अनुभव आणि थोडा पूर्वग्रह असणारच, हे गृहीत धरून ती वाचावीत.

प्रश्न : माझी भाची पवईच्या आयआयटीत प्राध्यापक आहे. परवा फोनवर म्हणाली, "मामा, उद्या सिनेटची मीटिंग आहे, नंतर बोलते." मी मुंबई विद्यापीठाचा नोंदणीकृत पदवीधर असून सिनेटच्या निवडणुकीत मतदान केलेले आहे. भाचीने कोणती निवडणूक लढवल्याचे मात्र घरात कोणालाच ठाऊक नाही. मग ती सिनेटवर गेली कशी? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : निवडणूक न लढवताच गेली, आणि त्यात काही गैर नाही. शब्द एकच असला तरी तुमची सिनेट आणि तिची सिनेट या अगदी वेगळ्या संस्था आहेत. १९६१ च्या कायद्यानुसार आयआयटीच्या सिनेटमध्ये संचालक, उपसंचालक आणि संस्थेत शिकवणारे सर्व प्राध्यापक केवळ पदामुळे सदस्य असतात. त्यांच्या जोडीला संस्थेबाहेरचे ३ शिक्षणतज्ज्ञ नेमले जातात. अभ्यासक्रम काय असावा, परीक्षा कशा घ्याव्यात, पदवी कोणत्या अटींवर द्यावी हे ही सिनेट ठरवते. पैसा, पदे आणि धोरण यांचा कारभार नियामक मंडळाकडे असतो, पण तेथेही सिनेटने पाठवलेले २ प्राध्यापक बसतात. संख्येने ते थोडे आहेत. तरीही मंडळात बोलले गेलेले विभागांपर्यंत पोहोचण्याची एक अधिकृत वाट त्यामुळे खुली राहते.

मुंबईच्या सिनेटची कुळकथा निराळी आहे. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर, म्हणजे परीक्षा घेणारे आणि पदव्या देणारे. शिकवण्याचे काम महाविद्यालये करत. कुलपती, कुलगुरू आणि 'फेलो' म्हणवले जाणारे मान्यवर मिळून विद्यापीठ होत असे, आणि त्या मान्यवरांत सरकारी अधिकारी, वकील, डॉक्टर, न्यायाधीश असे सगळे होते. सभागृहाचा हा सामाजिक तोंडवळा पुढेही टिकला. लॉर्ड कर्झनच्या काळात १९०४ साली आलेल्या विद्यापीठ कायद्याने फेलोंची संख्या ५० ते १०० या मर्यादेत आणली आणि त्यातील बहुसंख्य नेमण्याचा अधिकार सरकारच्या हाती ठेवला. त्या विधेयकाला केंद्रीय विधिमंडळात कडाडून विरोध करणारे गोपाळ कृष्ण गोखले हे फर्ग्युसन महाविद्यालयात अनेक वर्षे शिकवलेले प्राध्यापक होते, हे आवर्जून सांगितले पाहिजे.

आजच्या २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात या सभागृहाला 'अधिसभा' म्हटले आहे. तिच्यावर पदवीधरांचे १०, महाविद्यालयीन शिक्षकांचे १० आणि प्राचार्यांचे १० प्रतिनिधी निवडून येतात. शिवाय संस्थाचालक आणि विद्यापीठ विभागांतील शिक्षक यांचे प्रतिनिधी असतात. अर्थसंकल्प, वार्षिक अहवाल आणि समाजाच्या वतीने विद्यापीठाला जाब विचारणे हे तिचे मुख्य काम. आयआयटीच्या सिनेटला घरातल्या कर्त्या माणसांची बैठक म्हटले, तर आपली अधिसभा म्हणजे ग्रामसभा. तुमच्या भाचीच्या सिनेटचे काम आपल्या कायद्यात विद्यापरिषद करते; फरक असा की तेथे प्राध्यापक असणे एवढीच पात्रता पुरते आणि येथे पदसिद्ध, नामनिर्देशित आणि विद्याशाखावार निवडून आलेले मोजके शिक्षक यांची मोळी बांधावी लागते.

प्रश्न : अधिसभेच्या निवडणुका म्हणजे राजकीय पक्षांच्या युवा आघाड्यांचा आखाडा झाला आहे. पॅनेल, बॅनर, विजयाच्या मिरवणुका हे सगळे पाहून असे वाटते की या निवडणुका बंद करून चार जाणकार माणसे नेमली, तर विद्यापीठाचे काय बिघडेल? (एक निवृत्त प्राचार्य)

उत्तर : काय बिघडते याचा एक प्रयोग आपण नकळत करून पाहिला आहे, आणि तोही राज्यातील सर्वांत जुन्या विद्यापीठात. १९९४ च्या जुन्या विद्यापीठ कायद्याखाली निवडून आलेल्या मंडळांची मुदत २०१५ मध्ये संपली. नवा कायदा येऊ घातला आहे, या कारणाने निवडणुका झाल्या नाहीत. नवा, म्हणजे २०१६ चा, कायदा १ मार्च २०१७ पासून लागू झाला, पण त्याखालची पहिली निवडून आलेली अधिसभा मुंबईत बसायला २०१८ उजाडले. म्हणजे मधला सगळा काळ कारभार पदसिद्ध आणि नामनिर्देशित माणसांवर चालला होता.

नेमक्या याच काळात, २०१७ च्या उन्हाळी परीक्षांच्या सर्व उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचा निर्णय झाला. सुमारे १७ लाख उत्तरपत्रिका स्कॅन करायच्या आणि शेकडो महाविद्यालयांतील शिक्षकांनी त्या एकाच हंगामात पडद्यावर तपासायच्या, असा तो बेत होता. कल्पना मुळात वाईट नव्हती. परंतु एका लहान विद्याशाखेत वर्षभर करून पाहावे आणि मग व्याप वाढवावा, एवढी साधी सूचना कोणत्याही अभ्यास मंडळातील मुरलेल्या परीक्षकाने चहा संपायच्या आत केली असती. उत्तरपत्रिकांना जोडलेल्या पुरवण्या हरवतात, एकीची पुरवणी दुसरीला लागते, काही पाने धूसर उमटतात, हे कळायला तज्ज्ञ समिती लागत नाही. दहा वर्षे कॅपमध्ये, म्हणजे उत्तरपत्रिका तपासणी केंद्रात, बसलेला माणूस पुरतो. कायद्याने ४५ दिवसांत लागायला हवे होते ते निकाल रखडले, कुलपतींनी, म्हणजे राज्यपालांनी, दिलेली ३१ जुलैची मुदत उलटली, काही निकाल सप्टेंबरपर्यंत लांबले आणि २४ ऑक्टोबर २०१७ रोजी कुलपतींनी कुलगुरूंना पदावरून दूर केले. त्यानंतरची चर्चा जवळजवळ सगळी एका व्यक्तीभोवती फिरत राहिली. मला मात्र तेव्हाही आणि आजही वाटते की खरा प्रश्न वेगळा होता : एवढा मोठा निर्णय ज्या सभागृहात अडायला हवा होता, ते सभागृह त्या वेळी कोठे होते?

निवडून आलेले सदस्य असते तर हा निर्णय टळलाच असता, असे मी म्हणणार नाही. निवडून आलेली सभागृहेही चुका करतात, झोपाही काढतात. परंतु निवडून आलेल्या माणसाला नेमणाऱ्याची मर्जी सांभाळावी लागत नाही. उलट आपल्या मतदारांसमोर, म्हणजे तपासणीला बसणाऱ्या शिक्षकांसमोर, त्याला पुन्हा उभे राहायचे असते. या भीतीची किंमत आपण फार कमी लावतो. तुम्ही म्हणता ती चार जाणकार माणसे नेमणार कोण, या प्रश्नावर तुमची सूचना अडते.

पक्षांच्या शिरकावाबद्दलची तुमची तक्रार खरी आहे, विशेषतः पदवीधरांच्या मतदारसंघात. पण त्यावर निवडणुका लांबवणे हा उपाय नव्हे. मुंबईच्या त्या अधिसभेची मुदत २०२२ मध्ये संपली आणि पदवीधरांच्या १० जागांसाठी मतदान झाले ते २४ सप्टेंबर २०२४ रोजी, तेही उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर. इतक्या लांबलेल्या निवडणुकीत विद्यापीठाचे प्रश्न मागे पडतात आणि निवडणूक का लांबली हाच प्रचाराचा मुद्दा होतो. म्हणजे राजकारण नको म्हणून जे केले त्यानेच राजकारणाला रान मोकळे मिळते.

जाता जाता एक गोष्ट. १९९४ च्या कायद्यात विद्याशाखेचे सदस्य आपला अधिष्ठाता, म्हणजे शाखेचा प्रमुख, निवडत असत. २०१६ च्या कायद्याने ते पूर्णवेळ, निवड समितीमार्फत भरायचे पद केले. निवडून येणारे सगळे अधिष्ठाते थोर होते, अशी माझी आठवण नाही. काही जण तर विद्याशाखेच्या बैठकीखेरीज विद्यापीठाच्या आवारात दिसत नसत. नव्या पद्धतीत काम अधिक नेटके होते, हेही मान्य. पण विद्याशाखेचे म्हणणे कुलगुरूंकडे नेणारा माणूस आता कुलगुरूंचे म्हणणे विद्याशाखेकडे आणतो. दिशा उलटली आहे, आणि त्याची चर्चा फारशी झाली नाही.

प्रश्न : मी एका महाविद्यालयात विभागप्रमुख असून माझ्या विषयाच्या अभ्यास मंडळाची सदस्य आहे. बैठकीची कार्यसूची आदल्या संध्याकाळी व्हॉट्सॲपवर येते. गेल्या वर्षी आम्ही चार श्रेयांकांची (क्रेडिटची) म्हणून संमत केलेली एक अभ्यासपत्रिका परिपत्रकात दोन श्रेयांकांची होऊन आली. चौकशी केल्यावर "ते बारा-सातखाली झाले" एवढेच उत्तर मिळाले. हे बारा-सात म्हणजे काय, आणि मग आम्ही बसतो तरी कशाला? (एक विभागप्रमुख)

उत्तर : मॅडम, तुमच्या शेवटच्या प्रश्नातली चीड मला नवी नाही. आधी बारा-सात समजून घेऊ. अभ्यासक्रम अभ्यास मंडळात तयार होतो, विद्याशाखेकडे जातो आणि विद्यापरिषदेत मंजूर होतो, हा नेहमीचा रस्ता. या मंडळांच्या बैठका वर्षातून थोड्याच वेळा होतात, आणि मधल्या काळात खरोखरच तातडी उद्भवली तर हातावर हात ठेवून बसता येत नाही. म्हणून कायद्याच्या कलम १२ च्या पोटकलम ७ ने कुलगुरूंना असा अधिकार दिला आहे की तातडीची कारवाई आवश्यक आहे असे मानण्यास वाजवी कारण असल्यास, जी गोष्ट एखाद्या प्राधिकरणाने करायची ती त्यांनी स्वतः करावी आणि नंतर त्या प्राधिकरणाला कळवावी. प्राधिकरणाचे मत वेगळे पडले तर विषय कुलपतींकडे जातो. जुन्या कायद्यात हेच कलम १४(७) होते. आमच्या पिढीतले लोक अजूनही "चौदा-सात लावले" असेच म्हणतात, जसे जुने लोक रेशनच्या दुकानाला कंट्रोल म्हणत.

आता तुमच्या प्रकरणात कळीचा शब्द 'तातडी' हा आहे. परीक्षेच्या आदल्या दिवशी पूर आला आणि वेळापत्रक बदलले, तर ती तातडी. शैक्षणिक वर्ष जूनमध्ये सुरू होणार हे मागच्या जूनपासून ठाऊक असताना मे महिन्यात बारा-सात लावून श्रेयांक बदलले, तर त्याला दिरंगाई म्हणतात. कोणाची दिरंगाई, हे कागद पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही. श्रेयांकांचा ढाचा शासनाकडून उशिरा आला असेल तर विद्यापीठ कार्यालयाचाही नाइलाज झाला असेल. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या अंमलबजावणीत असे वारंवार घडले आहे, हे लक्षात घेऊन रागाला थोडी सवलत द्यावी.

तरीही कार्यसूची आदल्या संध्याकाळी येणे याला सवलत नाही. या संदर्भात एक आठवण सांगतो. विद्यापीठाचे नाव सांगणार नाही. सकाळी साडेदहाची बैठक होती. टेबलावर हजेरीपत्रक, त्याखाली प्रवास भत्त्याचे फॉर्म, आणि एका बाजूला पारदर्शक फोल्डरमध्ये प्रत्येकासाठी पानांचा गठ्ठा. आल्याआल्या लिपिकाने सह्या घेतल्या. विषय एक ते आठ म्हणजे मागील इतिवृत्त कायम करणे, परीक्षकांची यादी, दोन नव्या महाविद्यालयांचे प्रस्ताव असे होते आणि त्यात दीड तास गेला. नववा विषय होता 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय'. बारा वाजून गेले असतील. तेव्हा अध्यक्षांनी आणखी एक गठ्ठा काढला, ६० च्या वर पानांचा, आणि तो म्हणजे पदव्युत्तर दुसऱ्या वर्षाचा संपूर्ण नवा अभ्यासक्रम. "सगळ्यांनी पाहून घ्या, मायनर बदल आहेत," असे ते म्हणाले. मायनर बदलांत प्रयोगशाळेचे सहा तास निम्म्यावर आले होते. बाहेर जेवणाची ताटे लागल्याचा आवाज येत होता, दोघांना परतीची एसटी गाठायची होती. पंधरा मिनिटांत विषय मंजूर झाला. इतिवृत्तात वाक्य आले : 'सविस्तर चर्चेअंती एकमताने मंजूर.' सह्या आम्ही सकाळीच केल्या होत्या.

त्या दिवशी आमच्यावर कोणी जबरदस्ती केली नव्हती. तो अभ्यासक्रम आम्ही न वाचता मंजूर केला, आणि पुढची चार वर्षे त्याला नावे ठेवली. तेव्हापासून माझे मत झाले आहे ते असे, की विद्यापीठात मतदानाच्या अधिकारापेक्षा कार्यसूची लिहिण्याचा अधिकार मोठा आहे. कोणता विषय क्रमांक दोनवर घ्यायचा आणि कोणता ऐनवेळचा करायचा, हे ज्याच्या हाती त्याच्या हाती निर्णय. म्हणून "आम्ही बसतो तरी कशाला?" याचे उत्तर असे की बसण्याआधीचे काम आपण सोडून दिले आहे. विषय लेखी द्यावा, कार्यसूचीत घ्या म्हणून मुदतीत पत्र द्यावे, आणि ऐनवेळी आलेला अभ्यासक्रम 'पुढील बैठकीत घ्यावा' अशी सूचना मांडावी. अनुमोदक आधीच ठरवून ठेवावा. ऐनवेळच्या विषयाला ऐनवेळचा अनुमोदक मिळत नाही.

प्रश्न : मी मूळची पुण्याची, गेली बारा वर्षे कॅलिफोर्नियात एका सार्वजनिक संशोधन विद्यापीठात शिकवते. येथे 'शेअर्ड गव्हर्नन्स'चा, म्हणजे प्रशासन आणि प्राध्यापक यांनी मिळून करायच्या कारभाराचा, उदो उदो ऐकते. भारतातील माझे मित्र म्हणतात की तुमच्याकडे प्राध्यापकच विद्यापीठ चालवतात. हे कितपत खरे समजावे? (एक वाचक, अमेरिका)

उत्तर : आत बसलेल्या माणसाने बाहेरच्याला विचारावे असा हा प्रश्न आहे, पण इतिहासातून जे दिसते ते सांगतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या ॲकॅडेमिक सिनेटला आजचे अधिकार मिळाले ते १९१९-२० च्या सुमारास. दोन दशके जवळजवळ एकहाती कारभार केलेले अध्यक्ष निवृत्त होताच बर्कलीच्या प्राध्यापकांनी रीजंट मंडळाकडे, म्हणजे तेथील सर्वोच्च नियामक मंडळाकडे, आपले हक्क मागितले आणि पुष्कळसे मिळवले. त्यातील मला सर्वांत शहाणपणाचे वाटते ते कलम दिसायला अगदी क्षुल्लक आहे : सिनेटच्या समित्यांवर कोण असावे हे विद्यापीठाच्या अध्यक्षाने न ठरवता प्राध्यापकांनीच ठरवावे. त्यासाठी प्राध्यापकांतून निवडून आलेली 'समित्यांची समिती' असते. नाव ऐकून हसू येते, पण आपल्याकडील मंडळांवर कुलगुरूंच्या नामनिर्देशनाने किती जण येतात हे मोजले की हसू थांबते.

अर्थात या अधिकाराला कुंपण आहे. प्रवेशासाठी सॅट परीक्षेचे गुण धरावेत की नाहीत, हा प्रश्न २०२० साली आला तेव्हा सिनेटने नेमलेल्या अभ्यासगटाने बारकाईने आकडेवारी तपासून सध्या परीक्षा ठेवावी असे सुचवले आणि सिनेटच्या सभेने ५१ विरुद्ध शून्य मतांनी त्याला पाठिंबा दिला. पुढच्याच महिन्यात रीजंट मंडळाने २३ विरुद्ध शून्य मतांनी परीक्षा टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे ठरवले. दोन्ही सभागृहांत एकमत आणि दोन्ही एकमतांची तोंडे विरुद्ध दिशांना. कोणाचे बरोबर होते, हा वेगळा वाद आहे. तुमच्या मित्रांना एवढे सांगा की तेथे प्राध्यापकांचे म्हणणे अहवालाच्या रूपाने सर्वांसमोर येते आणि ते झुगारायचे तर उघडपणे झुगारावे लागते. विद्यापीठ चालवणे म्हणजे हे नव्हे, पण ही गोष्ट लहानही नव्हे.

खरोखर प्राध्यापकांनी चालवलेले विद्यापीठ पाहायचे तर ऑक्सफर्डकडे पाहावे लागते. तेथील काँग्रिगेशन या सभेत प्राध्यापकांसह हजारो सदस्य आहेत. २००६ मध्ये कुलगुरूंनी विद्यापीठाच्या कार्यकारी परिषदेत बाहेरच्या सदस्यांचे बहुमत असावे अशी सुधारणा आणली, तेव्हा २८ नोव्हेंबरच्या सभेत ती ७३० विरुद्ध ४५६ मतांनी फेटाळली गेली आणि पुढे टपाली मतदानातही पडली. त्या सुधारणेत काही चांगले नव्हते असे नाही. पण कुलगुरूंना आपला प्रस्ताव भरसभेत पटवून द्यावा लागला आणि तो पटला नाही म्हणून सोडून द्यावा लागला, हे दृश्य आपल्याकडच्या माणसाला परीकथेसारखे वाटते.

आणि तुम्ही पुण्याच्या, म्हणून आठवण करून देतो. १८८४ साली स्थापन झालेली डेक्कन एज्युकेशन सोसायटी ही शिकवणाऱ्यांनीच चालवलेली संस्था होती. आजीव सदस्य म्हणजे तेथे शिकवणारे शिक्षक, आणि कारभारही त्यांचाच. हा प्रयोग किती अवघड आहे तेही तेथेच दिसले. आजीव सदस्यांनी संस्थेबाहेरचे उत्पन्न घ्यावे की घेऊ नये, या आणि अशा वादांतून टिळक १८९० मध्ये संस्थेतून बाहेर पडले. मालक वरचा असला की भांडण मालकाशी होते. शिक्षकच मालक झाले की ते आपापसांत होते.

प्रश्न : कुलगुरूंच्या निवडीत शिक्षकांना काही स्थान आहे काय? (एक सहायक प्राध्यापक)

उत्तर : आहे, आणि ते शोध समितीतील एका खुर्चीएवढे आहे. व्यवस्थापन परिषद आणि विद्यापरिषद संयुक्तपणे एक सदस्य नामनिर्देशित करतात. बाकीच्या खुर्च्या कुलपती, राज्य शासन आणि आता विद्यापीठ अनुदान आयोग यांच्या. समितीने किमान पाच नावे सुचवायची आणि त्यातून कुलपतींनी एक निवडायचे. डिसेंबर २०२१ मध्ये विधिमंडळाने संमत केलेल्या दुरुस्तीत ही पाच नावे आधी राज्य शासनाकडे जावीत, शासनाने त्यातील दोन कुलपतींकडे पाठवावीत आणि उच्च शिक्षण मंत्री प्र-कुलपती असावेत, अशी तरतूद होती. ती अमलात आली नाही आणि सरकार बदलल्यावर मागे घेतली गेली. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुजरात आणि केरळमधील दोन प्रकरणांत आयोगाच्या नियमांशी विसंगत नेमणुका रद्द ठरवल्या, तेव्हापासून नियम कोणाचा हा प्रश्न पुष्कळसा मिटला आहे. राजभवन की मंत्रालय, की दिल्ली, या ओढाताणीवर वर्तमानपत्रे रकाने भरतात. शिक्षकांची ती एक खुर्ची दोन किंवा तीन करावी, अशी मागणी करणारा अग्रलेख मात्र माझ्या वाचनात आलेला नाही.

प्रश्न : आमच्या विद्यापीठ विभागाच्या बैठकीत एका पीएच.डी. प्रवेशाच्या निकषाला मी स्पष्ट विरोध केला. इतिवृत्तात 'एकमताने मंजूर' असे आले. विभागप्रमुख म्हणतात, "सर, तुम्ही बोललात, पण मत नोंदवा असे म्हणाला नाहीत." आता काय करता येईल? (एक सहयोगी प्राध्यापक)

उत्तर : विभागप्रमुखांचे म्हणणे कोडगेपणाचे असले तरी चुकीचे नाही. बैठकीत बोललेले सगळे इतिवृत्तात येत नाही आणि येऊही नये, नाहीतर ते कोणी वाचणार नाही. ज्याला आपले भिन्नमत कागदावर हवे आहे, त्याने बैठकीतच "माझा विरोध नोंदवावा" हे तीन शब्द उच्चारावेत. रागाने उच्चारण्याची गरज नसते. अनेकांना ते शब्द म्हणजे भांडण वाटते, आणि उद्या त्याच माणसाकडे रजेचा अर्ज घेऊन जायचे असते, म्हणून ते ओठांवरच राहतात. मीही अनेकदा गिळले आहेत.

परंतु तुमची संधी अजून गेलेली नाही. इतिवृत्त जोवर पुढच्या बैठकीत कायम होत नाही, तोवर तो मसुदाच असतो, आणि 'मागील बैठकीचे इतिवृत्त वाचून कायम करणे' हा पहिला विषय नेमका त्यासाठीच असतो. दहांपैकी नऊ बैठकांत तो अर्ध्या मिनिटात उरकला जातो. पुढची बैठक होण्यापूर्वी विभागप्रमुखांना एक पत्र द्या. त्यात बैठकीची तारीख आणि विषय क्रमांक घाला, कोणत्या निकषाला आणि कोणत्या कारणासाठी विरोध केला ते चार ओळींत लिहा, आणि 'एकमताने' ऐवजी 'बहुमताने' अशी दुरुस्ती करून आपले भिन्नमत जोडावे अशी विनंती करा. इतर कोणाच्या हेतूंबद्दल एक शब्दही लिहू नका. ज्या पत्रात हेतूंची चर्चा असते ते पत्र बाजूला ठेवायला सोपे जाते. बैठकीत तुमच्या बाजूने बोललेला दुसरा कोणी असेल, तर त्याला वेगळे पत्र द्यायला सांगा. एकाच कागदावर दोन सह्या झाल्या की त्याला गट म्हणतात.

पत्राची एक प्रत अधिष्ठात्यांकडे जाऊ द्या. दुसरी प्रत विभागाच्या आवक खिडकीवर द्या आणि तीवर शिक्का, तारीख व आवक क्रमांक घालून घ्या. खिडकीवरचा माणूस "ठेवा सर, नंतर मारतो" असे म्हणेल. तेथेच उभे राहा.